कुवेतमधील भंगाराचे काम, वडिलांची किडनी आणि डिप्लेटेड युरेनियम

नमस्कार. तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडतो; काही चुकीचे समजलो असेन तर लगेच सांगा. तुमचे वडील राजापूर तालुक्यातून १९९२ च्या अखेरीस कुवेतला गेले आणि १९९६ पर्यंत एका कंत्राटदाराकडे भंगार तोडण्याच्या आणि वाहून नेण्याच्या कामावर होते. त्या भंगारात युद्धात जळालेली लष्करी वाहने होती आणि काही रणगाडेही होते, असे ते सांगतात. आज ते ६७ वर्षांचे आहेत, १८ वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे, २०१२ च्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनी नीट गाळत नसेल तर रक्तात वाढणारा पदार्थ) १.० होते आणि गेल्या दोन वर्षांत ते १.३ वरून १.९ वर गेले आहे. तुम्ही वाचलेल्या लेखांपैकी काही म्हणतात की डिप्लेटेड युरेनियमने इराकमध्ये पिढ्या बरबाद केल्या आणि काही म्हणतात की त्यापासून काहीच धोका नाही. तुम्हाला जाणून घ्यायचे आहे ते असे: वडिलांच्या किडनीला हेच कारण आहे का, यातले कोणाचे खरे मानायचे, तपासणी करून घ्यावी का, आणि १९९७ मध्ये जन्मलेल्या धाकट्या बहिणीला याचा काही त्रास संभवतो का.

मी वैद्य नाही. माझी सारी नोकरी विकिरण सुरक्षेत गेली, आणि त्यातली बरीच वर्षे एकाच कामात: कामगाराच्या शरीरात किती युरेनियम गेले, हे त्याच्या मूत्रावरून मोजणे आणि त्यावरून मात्रा काढणे. त्यामुळे औषधोपचाराबद्दल मी जे लिहीन ते तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टशी, म्हणजे किडनीतज्ज्ञाशी, बोलण्यासाठीची तयारी म्हणून घ्या.

तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, आणि या विषयावरील बहुतेक वाद त्यामुळेच विझत नाहीत. हा पदार्थ शरीराला अपाय करू शकतो का, हा एक प्रश्न. आणि या विशिष्ट माणसाला त्याने अपाय केला का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर ‘हो, पुरेशी मात्रा शरीरात गेली तर’ असे आहे, आणि ते कोणी गंभीरपणे नाकारत नाही. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी मात्र किती गेले, कोणत्या वाटेने गेले आणि कोणत्या रूपात गेले, हे कळावे लागते. पहिल्या प्रश्नाचा पुरावा दाखवून दुसऱ्याचा निकाल लावणारे लेख दोन्ही बाजूंना आहेत.

आधी पदार्थ काय आहे ते पाहू. निसर्गातील युरेनियममध्ये सुमारे ९९.३ टक्के युरेनियम-२३८ आणि ०.७ टक्के युरेनियम-२३५ असते. अणुइंधनासाठी २३५ चे प्रमाण वाढवलेला भाग वेगळा काढला की मागे जे उरते त्यात २३५ साधारण ०.२ टक्के राहते. तेच डिप्लेटेड युरेनियम. पुढे मी त्याला डीयू म्हणेन. त्याची किरणोत्सारिता नैसर्गिक युरेनियमच्या सुमारे ६० टक्के असते, पण रासायनिक गुणधर्म अगदी तेच राहतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण किडनीचा प्रश्न मुख्यतः रसायनाचा आहे, किरणांचा नाही. डीयूची घनता शिशाच्या सुमारे १.७ पट असते, आघाताच्या वेळी त्याचे टोक बोथट न होता धारदारच राहते आणि त्याचे कण हवेत पेट घेतात. म्हणून १९९१ च्या आखाती युद्धात रणगाडे भेदण्यासाठी सुमारे ३०० टन डीयू वापरले गेले.

ते केवळ युद्धातच आढळते असे नाही. ऑक्टोबर १९९२ मध्ये ॲमस्टरडॅमजवळ कोसळलेल्या मालवाहू बोइंग ७४७ च्या शेपटीत तोल राखण्यासाठी २८२ किलो डीयू होते आणि त्यातले सुमारे १५० किलो परत मिळाले नाही. वेल्डिंगचे सांधे न तोडता तपासणारे एनडीटीवाले किरणोत्सारी इरिडियमचा जो कॅमेरा वापरतात, त्यातील कवचही बहुधा डीयूचेच असते. ठाण्यात डिसेंबर २०१६ मध्ये पोलिसांनी सुमारे ९ किलो युरेनियम जप्त केले, तेही डीयू असल्याचे तपासात निघाले होते.

असाच एक जुना, टाकून दिलेला कॅमेरा एकदा आमच्यासमोर उघडला गेला होता. आतला ठोकळा दिसायला दोन मुठींएवढा, पण एका हाताने उचलवेना. स्टीलच्या आवरणाला तडा गेला होता आणि त्या तड्याच्या कडेने काजळीसारखी बारीक काळी भुकटी साचली होती. गाळणकागदाची एक चकती मी त्या कडेवरून हलकेच फिरवली. चकती काळी झाली आणि किरण मोजणाऱ्या काउंटरखाली धरताच टकटक सुरू झाली. चकतीवर साधा कागद ठेवला तेव्हा अल्फा कणांचा आवाज पूर्ण थांबला. ठोकळा उचलणाऱ्याच्या हाताला त्या क्षणी काही होत नव्हते. प्रश्न होता तो त्या काळ्या भुकटीचा, कारण ती नाकातून आत जाऊ शकत होती.

डीयूचा सगळा धोका या दृश्यात आहे. अल्फा कण हवेत काही सेंटिमीटरच जातात आणि त्वचेचा मृत थर त्यांना अडवतो. डीयूच्या विघटनातून तयार होणारे थोरियम आणि प्रोटॅक्टिनियम बीटा किरण सोडतात, त्यामुळे उघडा तुकडा थेट त्वचेला लागून राहिला तर तेवढ्या जागी तासाला सुमारे २ मिलिसीव्हर्ट (सीव्हर्ट हे किरणांच्या मात्रेचे एकक) मात्रा बसते. म्हणजे असा तुकडा आठवण म्हणून खिशात बाळगणे चूकच, पण जवळून जाण्याने काही होत नाही. पोटात गेलेल्या युरेनियमपैकी साधारण ०.२ ते २ टक्केच रक्तात शोषले जाते, बाकीचे शौचावाटे निघून जाते. रक्तात आलेल्यापैकी जवळपास दोन तृतीयांश २४ तासांत मूत्रावाटे बाहेर पडते. खऱ्या चिंतेच्या वाटा दोन: जळालेल्या डीयूची धूळ श्वासातून फुप्फुसात जाणे आणि धातूचा तुकडा शरीरात रुतून राहणे. चिलखतावर आदळणाऱ्या डीयूपैकी साधारण १० ते ३५ टक्के भागाची अशी धूळ होते. उच्च तापमानाला तयार झालेली ही ऑक्साइडे फारशी विरघळत नाहीत आणि फुप्फुसात वर्षानुवर्षे राहू शकतात.

आता किडनी. रक्तातले युरेनियम किडनीतून गाळले जाताना समीपस्थ नलिकांच्या, म्हणजे गाळणीला लागून असलेल्या बारीक नळ्यांच्या, पेशींना चिकटते आणि त्यांना इजा करते. मात्रा मोठी असेल तर ही इजा काही दिवसांतच दिसते, आणि माणूस त्यातून वाचला तर त्या पेशी बऱ्याच अंशी पुन्हा तयार होतात. ओक्लाहोमातील गोर येथे जानेवारी १९८६ मध्ये युरेनियम हेक्झाफ्लोराइडचा सिलिंडर फुटला. त्यातून निघालेल्या हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या वाफेने एक कामगार दगावला आणि इतर अनेकांच्या शरीरात युरेनियम गेले, पण नंतरच्या पाठपुराव्यात त्यांच्या किडनीला कायमची इजा आढळली नाही. दीर्घकाळ थोडे थोडे युरेनियम पोटात जाण्याचे चित्र दक्षिण फिनलंडमधील अभ्यासात दिसते. तिथे खडकात खोदलेल्या विहिरींचे युरेनियमयुक्त पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्या ३२५ जणांची तपासणी झाली. मूत्रातून कॅल्शियम व फॉस्फेट वाहून जाण्याचे प्रमाण युरेनियमबरोबर किंचित वाढलेले दिसले, मात्र किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेवर परिणाम दिसला नाही. म्हणजे परिणाम आहे, तो नलिकांवर आहे, आणि क्रिएटिनिन वाढवणाऱ्या दोषापेक्षा तो वेगळा आहे. तुमच्या वडिलांच्या बाबतीत हा फरक कामाचा ठरेल.

कोणाचे खरे मानायचे, याबद्दल माझी स्वतःची पद्धत सांगतो. अभ्यास कोणत्या देशाचा, पैसा कोणाचा, हे मी पाहतो, पण त्याच्या आधी एक गोष्ट शोधतो: ज्यांच्या आजाराबद्दल हे लिहिले आहे, त्यांच्या शरीरातले डीयू कोणी मोजले होते का?

मोजलेल्यांमध्ये सर्वांत महत्त्वाचा गट अमेरिकेतील बाल्टिमोरचा आहे. १९९१ मध्ये आपल्याच बाजूच्या माऱ्यात सापडलेल्या सुमारे ८० सैनिकांचा तिथे १९९३ पासून पाठपुरावा होत आला आहे; त्यांच्यापैकी काहींच्या अंगात डीयूचे तुकडे रुतलेले आहेत. मेलिसा मॅकडिआर्मिड यांनी या कामाचे नेतृत्व केले. तुकडे असलेल्यांच्या मूत्रात पाव शतकानंतरही युरेनियम वाढलेलेच आहे, काहींमध्ये एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे १० मायक्रोग्रॅमहूनही अधिक, म्हणजे सामान्य माणसाच्या शेकडो पट. एवढे असूनही त्यांच्यात किडनीचा वैद्यकीयदृष्ट्या ठळक बिघाड आढळलेला नाही. नलिकांच्या कार्याच्या अतिसूक्ष्म चाचण्यांत अधूनमधून बारीक फरक दिसतात. डीयूच्या संपर्काची इतकी वर्षे आणि इतकी बारकाईने मोजणी झालेला दुसरा मानवी गट माझ्या माहितीत नाही. तरीही त्याची मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे: ८० जणांच्या गटात एखादा दुर्मिळ कर्करोग दुप्पट झाला तरी तो आकड्यांत दिसणार नाही. ‘या सैनिकांना कर्करोग झाले नाहीत, म्हणून डीयू निर्धोक’ हे वाक्य कुठे वाचलेत तर ते या अभ्यासाच्या कुवतीबाहेरचे आहे.

धुळीबद्दल मला सर्वाधिक शिकवणारा अभ्यास न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनीजवळच्या कोलोनी गावाचा वाटतो. तिथे १९५८ ते १९८४ या काळात चाललेल्या कारखान्यात डीयूचे भाग बनत आणि धातूचा चुरा जाळला जाई. रँडल पॅरिश आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात, कारखाना बंद होऊन वीसहून अधिक वर्षे झाल्यावरही, तपासलेल्या सर्व माजी कामगारांच्या आणि काही रहिवाशांच्या मूत्रात डीयूची समस्थानिक खूण, म्हणजे २३८ आणि २३५ यांच्या प्रमाणावरून पटणारी ओळख, सापडली. याचे दोन अर्थ निघतात. श्वासातून गेलेली धूळ खरोखरच दशकानुदशके शरीरात टिकते. आणि ती टिकत असल्यामुळेच, योग्य उपकरण असेल तर, वीस-पंचवीस वर्षांनीही ती शोधता येते. ब्रिटनमध्ये आखाती युद्धातील चारशेहून अधिक माजी सैनिकांची अशीच तपासणी झाली आणि २००७ च्या अहवालानुसार त्यांच्यापैकी कोणाच्याही मूत्रात डीयू आढळले नाही. पॅरिश यांनीच रॉबर्ट हेली यांच्याबरोबर २०२१ मध्ये अमेरिकी सैनिकांची अधिक संवेदनशील तपासणी केली. ‘गल्फ वॉर सिंड्रोम’ने (त्या युद्धातील सैनिकांना नंतर जडलेल्या आजारपणाने) आजारी असलेल्या आणि निरोगी सैनिकांमध्ये युरेनियमच्या बाबतीत फरक निघाला नाही. ते सैनिक आजारी नाहीत असा याचा अर्थ कृपया घेऊ नका; त्यांचे आजारपण खरे आहे, फक्त त्याचे कारण दुसरीकडे शोधायला हवे, आणि हेली यांच्या नंतरच्या कामात सारिन या विषारी वायूकडे बोट जाते.

आता तुम्ही पाठवलेले दोन लेख, इराकमधील बसरा आणि फलुजा या शहरांबद्दलचे. बसऱ्यातील बालरक्तकर्करोगाचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात १९९३ ते २००७ मधील ६९८ मुलांची नोंद आहे, आणि या काळात प्रमाण दुपटीहून अधिक वाढले. ही वाढ मी खरी मानतो. अशा नोंदी जपणाऱ्या तिथल्या डॉक्टरांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण या मुलांच्या शरीरातले डीयू मोजलेले नव्हते, आणि बसऱ्यात त्याच काळात तेलाच्या आगी, पेट्रोलमधील बेंझिन आणि कोसळलेली आरोग्यव्यवस्था हेही होते. आजार वाढला हे या अभ्यासातून कळते; कशामुळे वाढला ते कळत नाही. फलुजाबद्दलचा २०१० चा अभ्यास ७११ घरांतून प्रश्नावली भरून घेऊन केला होता. त्यातही कोणाचा संपर्क मोजलेला नव्हता. त्याच गटातील काही संशोधकांनी पुढच्या वर्षी तिथल्या जन्मदोष असलेल्या मुलांच्या पालकांचे केस तपासले, तेव्हा जे युरेनियम मिळाले ते डिप्लेटेड नव्हते, तर किंचित समृद्ध, म्हणजे २३५ थोडे जास्त असलेले, होते, असे त्यांनी स्वतःच लिहिले आहे. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या लेखांत फलुजाचे नाव डीयूबरोबर घेतले जाते, पण हा तपशील क्वचितच येतो. दुसऱ्या बाजूने, इराकच्या आरोग्य मंत्रालयाने २०१३ मध्ये १८ जिल्ह्यांतील १०,८०० कुटुंबांचे सर्वेक्षण करून जन्मदोष असाधारण नाहीत असा निष्कर्ष काढला, तर त्यावरही सडकून टीका झाली, आणि ती रास्त होती: रुग्णालयांतील नोंदी बाजूला ठेवून आयांच्या आठवणीवर भिस्त ठेवली होती. ज्याने मोजले नाही त्याचा दिलासाही तितकाच कच्चा असतो.

प्रयोगशाळेतील पुरावा मी हलका समजत नाही. मानवी हाडपेशींवर डीयूचा परिणाम होऊन त्या कर्करोगाच्या दिशेने वळतात, हे अलेक्झांड्रा मिलर यांनी १९९८ मध्ये दाखवले. उंदरांच्या स्नायूंत डीयूचे मोठे तुकडे रोवल्यावर त्याभोवती गाठी झाल्या, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. आणि एक धक्कादायक गोष्ट: डीयूला पर्याय म्हणून सुचवलेल्या टंगस्टन, निकेल व कोबाल्टच्या मिश्रधातूचे तुकडे रोवले तेव्हा २००५ च्या प्रयोगात उंदरांना फार वेगाने आणि सरसकट गाठी झाल्या. शरीरात रुतलेला धातूचा तुकडा ही स्वतंत्र काळजीची बाब आहे, एवढे यावरून ठरते. तुमच्या वडिलांच्या अंगात तुकडा नाही, त्यामुळे ही वाट त्यांना लागू नाही.

श्वासातील धुळीपासून होणाऱ्या कर्करोगाचे गणित ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने २००१ मध्ये मांडले, आणि मला ते आजही सर्वांत प्रामाणिक वाटते. त्यांनी माणसांचे तीन स्तर केले: मारा झाला तेव्हा वाहनात असलेले किंवा लगेच आत शिरलेले, नंतर त्या वाहनांत काम केलेले, आणि दूरवर, वाऱ्याच्या दिशेला असलेले. पहिल्या स्तरातील अत्यंत प्रतिकूल परिस्थितीत फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका दुप्पट होऊ शकतो, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. बाकी बहुतेकांत वाढ इतकी लहान की ती आकडेवारीत दिसणार नाही. तुमचे वडील फार तर दुसऱ्या स्तरात येतात.

तेही कितपत, हे काही गोष्टींवर अवलंबून आहे. कुवेतमध्ये नष्ट झालेल्या वाहनांपैकी बहुतेक वाहने डीयूने नव्हे, तर बॉम्ब, क्षेपणास्त्रे आणि इतर दारूगोळ्याने नष्ट झाली होती. डीयूचा एक मोठा साठा जुलै १९९१ मध्ये कॅम्प दोहा या अमेरिकी तळावरील आगीत जळाला, पण तेव्हा वडील भारतात होते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पथकांनी २००१ आणि २००२ मध्ये कॅम्प दोहा, मनागीश तेलक्षेत्र आणि जिथे आदळलेले रणगाडे ठेवले होते ते उम अल क्वाटी अशा ठिकाणची माती, पाणी आणि हवा तपासली. त्यांच्या हिशोबाने तिथे वावरणाऱ्यांची वार्षिक मात्रा काही मायक्रोसीव्हर्ट निघते, म्हणजे निसर्गाकडून दरवर्षी मिळणाऱ्या सुमारे २.४ मिलिसीव्हर्टच्या अगदी किरकोळ अंशाएवढी. मात्र हा हिशोब वावरणाऱ्यांचा आहे. डीयूने भेदलेल्या रणगाड्याच्या पोटात शिरून गॅस कटरने पत्रा कापणाऱ्या, तोंडाला फक्त फडके बांधलेल्या माणसाचा हिशोब वेगळा करावा लागतो.

म्हणून मी तुमच्या वडिलांसाठी मुद्दाम सढळ हाताने धरतो. समजा, चार वर्षांत त्यांच्या फुप्फुसात १० मिलिग्रॅम अविद्राव्य डीयू गेले. एका मिलिग्रॅमची किरणोत्सारिता सुमारे १५ बेकरेल (सेकंदाला १५ विघटने), म्हणजे एकूण १५० बेकरेल. सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या गुणकाने त्याची आयुष्यभराची मात्रा सव्वा मिलिसीव्हर्टच्या आसपास येते, म्हणजे निसर्गातून सहा-सात महिन्यांत मिळते तेवढी. किडनीसाठी पूर्वापार मर्यादा एका ग्रॅम किडनीमागे ३ मायक्रोग्रॅमची आहे. ती ढिली आहे असे मानणाऱ्यांपैकी मी आहे. म्हणून तिचा दहावा भाग घेऊ. तरीही दोन्ही किडन्यांत मिळून एका वेळी सुमारे ९० मायक्रोग्रॅम युरेनियम असावे लागेल, आणि फुप्फुसातून संथपणे विरघळणाऱ्या १० मिलिग्रॅममधून तेवढे कधीच जमत नाही.

याहून भक्कम पुरावा तर तुमच्याच हातात आहे. परत आल्यावर सोळा वर्षांनी, २०१२ मध्ये, क्रिएटिनिन १.० होते. युरेनियमची इजा शरीरात त्याचे प्रमाण सर्वाधिक असताना होते आणि नंतर ओसरत जाते. ती सोळा वर्षे दबून राहून मग डोके वर काढत नाही. मधुमेहाची इजा मात्र नेमकी अशीच, पंधरा-वीस वर्षांनी, दिसू लागते.

इथवरचा धागा एकदा जुळवून घेऊ: डीयू किडनीला इजा करू शकते, ती इजा नलिकांना आणि लवकर होते, सर्वाधिक मोजलेल्या माणसांतही किडनी निकामी झालेली दिसत नाही, आणि वडिलांच्या रिपोर्टांचा काळ मधुमेहाशी जुळतो, कुवेतशी जुळत नाही. डीयू हे त्यांच्या किडनीच्या आजाराचे कारण असण्याची शक्यता मला फार कमी वाटते.

पण त्यांचे काम विसरू नका. भंगारतळावरच्या माणसाच्या किडनीला धोका असलेल्या गोष्टी डीयूपेक्षा साध्या आणि जास्त सामान्य असतात: जुन्या रंगाला कटर लावल्यावर निघणारा शिशाचा धूर, बॅटऱ्यांचे शिसे, कॅडमियम, उन्हाळ्यात ४५ अंशांच्या पुढच्या तापमानात अपुऱ्या पाण्यावर केलेले कष्ट, आणि अंगदुखीसाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. नेफ्रॉलॉजिस्टना हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. मूत्रातील अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) व क्रिएटिनिनचे गुणोत्तर, सोनोग्राफी, रक्तदाबाची नोंद आणि डोळ्याच्या पडद्याची तपासणी झाली आहे का, हे विचारा. अल्ब्युमिन भरपूर जात असेल आणि पडद्यावर मधुमेहाच्या खुणा असतील, तर निदान बहुधा तिथेच होते. अल्ब्युमिन कमी आणि लहान रेणूंची प्रथिने जास्त जात असतील, तर नलिकांचा आजार शोधावा लागतो, आणि तेव्हा शिशाची रक्ततपासणी आधी करावी, युरेनियमची नंतर.

तपासणी करावी का? उपचार ठरवण्यासाठी तिची गरज नाही, कारण निकाल काहीही आला तरी किडनी जपण्याचे उपाय तेच राहतात. मनाच्या समाधानासाठी करायची असेल तर नीट करा. केसांची तपासणी करू नका. केसांना बाहेरचे पाणी, धूळ, शांपू सारे चिकटते. एका खासगी प्रयोगशाळेचा ‘युरेनियम अति उच्च’ असे लाल अक्षरांत छापलेला रिपोर्ट घेऊन एक कुटुंब रडत माझ्याकडे आले होते, आणि त्या कागदावर डीयूबद्दल काही सिद्ध करणारा एकही आकडा नव्हता. नुसते मूत्रातील एकूण युरेनियमही पुरेसे नाही. आमच्याकडे एकदा एका तरुण कामगाराचा आकडा अनपेक्षितपणे जास्त आला आणि विभागात धावपळ झाली. समस्थानिकांचे गुणोत्तर पाहिले तर २३८ आणि २३५ यांचे प्रमाण १३८ ला १, म्हणजे शुद्ध नैसर्गिक. डीयू असते तर ते ५०० च्या दिशेने सरकले असते. रजेत तो ग्रॅनाइटच्या पट्ट्यातील आपल्या गावी महिनाभर बोअरवेलचे पाणी पिऊन आला होता. पंजाबच्या माळवा भागातील पाण्यातले युरेनियमही असेच जमिनीतून आलेले आहे. कोकणातील बेसाल्टमध्ये ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम कमी असते, तरी तुमच्या घरी बोअरवेल असेल तर पाण्याची चाचणी स्वस्तात होते. पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादा लिटरला ३० मायक्रोग्रॅम आहे.

बहिणीबद्दल माझे उत्तर निःसंकोच आहे: तिला काहीही तपासण्याची गरज नाही. बाल्टिमोरच्या गटातील काहींच्या वीर्यात युरेनियम सापडले, पण शुक्राणूंची संख्या व हालचाल बिघडलेली आढळली नाही. हिरोशिमा व नागासाकीत कितीतरी पट मात्रा मिळालेल्या आईबापांच्या, स्फोटानंतर गर्भात आलेल्या मुलांतही आनुवंशिक दोषांची वाढ दाखवता आलेली नाही. वडिलांना जास्तीत जास्त जी मात्रा मी वर धरली, ती याच्या पासंगालाही पुरत नाही.

आता वडिलांसोबत निवांत बसा आणि विचारा: रणगाड्याच्या आत शिरून काम केले होते का, की फक्त बाहेरून भरून नेत होते, कटर स्वतः चालवत होते का आणि किती महिने, पत्र्याला सुपारीएवढी गोल, नितळ कडेची भोके आणि आत काळी भुकटी पाहिल्याचे आठवते का, एखादा लहान पण अवाजवी जड तुकडा घरी आणला होता का, आणि असेल तर तो आज कुठे आहे. तुकडा घरात सापडलाच, तर त्याला घासू, कापू किंवा तापवू नका आणि भंगारवाल्याला देऊ नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून बाजूला ठेवा, हात धुवा आणि इथे कळवा, पुढे तो कोणाकडे सोपवायचा ते मी सांगेन. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे ‘हो’ असतील तरच समस्थानिक गुणोत्तराच्या तपासणीचा खर्च करा. त्यासाठी सकाळचे पहिले मूत्र सोडून द्यावे, तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या मूत्रापर्यंतचे सर्व प्रयोगशाळेने दिलेल्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्येच जमवावे, आणि रिपोर्टवर २३८ व २३५ चे गुणोत्तर छापून मिळणार आहे का, हे नमुना देण्याआधी लेखी विचारून घ्यावे.